पाळणाघराची रांग

विमानतळावर रांगा लावणारी माणसं पुष्कळ असतात. तपासणीपाशी पट्टे बांधून लावणारी, सामानापाशी हातवारे करून लावणारी, स्वच्छतागृहाबाहेर नुसत्या नजरेने लावणारी. तिच्या रांगा मात्र कुणाला दिसत नसत, कारण त्या हवेतून जात.

विमान जमिनीवर उतरून जागेवर लागलं की त्याच्याभोवती बोलणं सुरू होतं. माणसांचं नव्हे, यंत्रांचं. इंधनाची गाडी किती इंधन भरलं ते कळवते, सामान उतरवणाऱ्याच्या हातातलं यंत्र एकेका बॅगेचा नंबर कळवतं, वैमानिकाच्या खोलीतून हवामानाची चौकशी जाते, व्हीलचेअर हवी असेल तर तो निरोप जातो. सगळं बिनतारी. आकाश केवढंही मोठं दिसो, लहरी झेलणाऱ्या एका खांबाच्या वाट्याला येणारी वाट बोळाएवढीच असते. एरवी त्या बोळातून सगळे सुखाने ये-जा करतात. गर्दी झाली की आधी कोण आणि मागून कोण, हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असावं लागतं.

ते ठरवणं तिचं काम. एकूण सहा रांगा. पहिलीत आगीचे बंब, रुग्णवाहिका आणि विमानाशी होणारं बोलणं. दुसरीत विमान जागेवर नीट लागतंय का ते दाखवणारे कॅमेरे. तिथून उतरत उतरत चौथीत सामान आणि व्हीलचेअर, आणि सहावीत जाहिरातींचे पडदे व ज्यांना कुणी ओळखत नाही अशी यंत्रं. या कामामुळे नियंत्रण कार्यालयात तिचं नाव रांगवाली पडलं होतं. नाव ठेवलं खांबकाकांनी. काकांचं स्वतःचं नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण तीस वर्षांत विमानतळावरचा प्रत्येक खांब ते निदान एकदा तरी चढले होते, आणि आता गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे खुर्चीत बसून तरुणांना कसं चढायचं ते सांगत असत.

रांगवाली बाळंतपणाच्या रजेवरून परतून दोन महिने झाले होते. मुलगी दहा महिन्यांची. घरात तिला घुबडी म्हणत, कारण ती डोळे मिटायलाच तयार नसे. बाकीची बाळं पेंगतात, डोळे चोळतात, जांभया देतात. घुबडीचं तसं काही नव्हतं. ती टक्क डोळ्यांनी जगाकडे बघत राही आणि मग एकदम भोकाड पसरी. मधली पायरीच नाही. "दिव्याचं बटण आहे," तिचा बाप म्हणे, "एक तर चालू, नाही तर चालू."

विमानतळाच्या कर्मचाऱ्यांसाठी नुकतंच एक पाळणाघर निघालं होतं. विमानं उभी राहतात त्या आवाराच्या अगदी टोकाला, एका नव्या बैठ्या इमारतीत. पाळणाघर चालवणाऱ्या मावशी चोख होत्या, खिडक्यांना जाळ्या होत्या. फक्त नेटवर्कच्या तारा यायच्या होत्या. भिंतीला भोक पाडायची परवानगी कुठल्याशा टेबलावर पडून होती. तोवर आयाबापांना मूल दिसावं म्हणून काकांनी चौदा नंबरच्या जागेवरून काढलेला एक जुना कॅमेरा आणून भिंतीवर ठोकला आणि खांब नंबर सहाशी जोडून दिला. "विमानं बघून बघून कंटाळला होता बिचारा," काका म्हणाले, "आता माणसं बघेल."

त्या दिवसापासून रांगवालीच्या टेबलावर तीन पडदे झाले. दोन कामाचे आणि एक, फुलदाणीला टेकवून ठेवलेला, फोनचा.

दुसऱ्या आठवड्यात तिला एक गोष्ट खटकली. दुपारी गर्दीच्या वेळी सामानवाल्यांची यंत्रं अडखळत होती, तिचा स्वतःचा कामाचा पडदा गचके खात होता, आणि घुबडी मात्र काचेपलीकडे बसल्यासारखी स्वच्छ, सलग दिसत होती. रांगवाली कामात डोळ्यात तेल घालून बसणारी. तिने यंत्रांची यादी उघडली आणि तिला लगेच कळलं. यंत्राला रांग मिळते ती त्याच्या नंबरावरून. ते यंत्र कुठल्या भिंतीवर बसलंय हे यादीला कळत नाही. चौदा नंबरचा कॅमेरा यादीच्या हिशेबी अजून विमानंच बघत होता, म्हणजे दुसऱ्या रांगेत होता. आगीच्या बंबांच्या पाठोपाठ, व्हीलचेअरच्या दोन रांगा पुढे, तिची मुलगी जांभळ्या सतरंजीवर बसून लाकडी ठोकळा चाटत होती.

बदलायला दहा सेकंद लागली असती. एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा. तिने बोट नेलंही. तेवढ्यात घुबडीने पायाचा अंगठा तोंडात घातला, आणि तो तिने आजवर कधी घातला नव्हता.

उद्या करू, असं तिने ठरवलं. नाही तरी तार येणारच आहे. उद्याही तिने कानाडोळा केला, परवाही. असे अठरा दिवस गेले.

एकोणिसाव्या दिवशी वारा सुटला.

आदल्या दिवशी घुबडीला ताप होता. सकाळी उतरला, तरी रांगवालीचा पाय घरातून निघत नव्हता. रजा मागायची तर रजेच्या खात्यात काही उरलेलं नव्हतं, आणि बाप दुसऱ्या गावी कामाला गेलेला. शेवटी औषधाची बाटली, तापमापक आणि दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद घेऊन ती पाळणाघरात गेली. मावशींनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"बाई, हे वाचून होईस्तोवर ही शाळेत जायला लागेल."

"तेवढं ठळक केलेलं वाचा हो मावशी."

"सगळंच ठळक आहे."

"आणि काही वाटलं तर मला फोन करा."

"मला काही वाटत नाही. तुलाच वाटतं सगळं. दे इकडे तिला."

अकराच्या सुमाराला बातमी आली की शेजारच्या विमानतळावर आडवा वारा असल्याने तिथली विमानं इकडे वळवली आहेत. नऊ विमानं. जागा सापडेल तिथे ती लावली जाऊ लागली, म्हणजे बहुतेक सगळी खांब सहाच्या हद्दीत, कारण मोकळी जागा तिकडेच होती. कार्यालयातले फोन एकदम वाजायला लागले. काका खुर्चीत सरसावून बसले. असा दिवस उगवला की त्यांचे गुडघे दुखत नसत.

पहिला आवाज वॉकीटॉकीवर आला तो पैलवानाचा. व्हीलचेअरवाल्यांचा हा प्रमुख इतका काटकुळा होता की वाऱ्याच्या दिवशी त्याने खुर्ची धरून चालावं, ती स्वतःसाठी, असं सगळे म्हणत.

"रांगवाली ताई, आमच्या यंत्रांवर वीस मिनिटं काही नाही. एक निरोप नाही. एवढ्या विमानांत एकालाही खुर्ची नको, असं होईल का?"

"बघते."

"आणि मदत खिडकीवर एक बाई चौथ्यांदा आलीय. तिची आई सत्त्याऐंशी वर्षांची, विमान उतरून अर्धा तास झाला. कुठल्या जागेवर लावलंय ते तरी सांगा."

तेच तर अडलेलं होतं. विमानं ऐनवेळी भलत्याच जागी लागत होती, आणि कोण कुठे, कुणाला खुर्ची हवी, हे सगळं एकाच निरोपात येई. रांगवालीला दिसत होतं ते एवढंच की चौथ्या रांगेत अकरा निरोप उभे आहेत आणि एकही हलत नाही. आत काय लिहिलंय ते तिलाही वाचता येत नव्हतं.

तिने खालून सुरुवात केली. जाहिरातींचे पडदे बंद. कार्यालयांतले टॅबलेट बंद. सामानवाल्यांना तात्पुरतं एक रांग मागे. निरोप हलले नाहीत.

"आणखी काय आहे मागे ढकलायला?" काकांनी विचारलं.

खांब सहाचा तक्ता तिच्यासमोर होता. बोळाचा निम्म्याहून जास्त भाग एकट्या एका यंत्राने अडवला होता. तो जुना कॅमेरा बघणाऱ्या प्रत्येकाला वेगळं चित्र पाठवायचा, आणि या घडीला सात जण बघत होते. साहजिकच होतं. वाऱ्यामुळे कुणालाच कामावरून हलता येत नव्हतं, प्रत्येकाने निदान फोन उघडून ठेवला होता. सात आयाबाप दुसऱ्या रांगेत ऐसपैस उभे होते, आणि त्यांच्या मागे सत्त्याऐंशी वर्षांची एक बाई कुठल्या तरी रिकाम्या विमानात पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

त्या सातांत एक ती स्वतः होती. तिने आपला फोन उचलून बंद करायला हात केला. पण एकाने बंद करून भागणार नव्हतं. चित्रालाच मागे टाकावं लागणार होतं.

फोनवर घुबडी मावशींच्या मांडीवर होती. चेहरा जरा लालसर. ताप परत चढला असेल का? लाल दिसतंय ते जांभळ्या सतरंजीमुळे असेल. घुबडीने मान मागे टाकली.

"आहे एक," रांगवाली काकांना म्हणाली, आणि दोनाच्या जागी सहा लिहिलं.

अर्ध्या मिनिटात चौथी रांग रिकामी झाली. वॉकीटॉकी खरखरली. "आले, ताई. एक, दोन… अकरा आले. आजी सोळा नंबरच्या पलीकडे आहेत, गवताजवळ. तिथे विमान लावतात हे मला आजच कळलं. निघालो."

रांगवालीने फोनकडे पाहिलं.

चित्र थिजलं होतं. घुबडीचे डोळे घट्ट मिटलेले, नाक आक्रसलेलं, आणि तोंड हे एवढं उघडं. पुढचे दोन दात दिसत होते. मावशींचा अर्धाच हात चौकटीत होता, आणि तो तिच्याकडे येतोय की दूर जातोय ते कळत नव्हतं.

ती रडते आहे. एवढं जोरात, की डोळेही मिटलेत.

रांगवालीने पाळणाघराला फोन लावला. वाजत राहिला. मग आठवलं, साडेअकराला मुलं झोपवताना मावशी फोन कपाटात ठेवतात. हा नियम पहिल्या दिवशी ऐकला तेव्हा तिला फार आवडला होता.

पालकांच्या गटात एकामागून एक निरोप येऊ लागले. चित्र अडकलंय का सगळ्यांचं? माझंही. त्या मागच्या बाळाला काय झालंय, किती रडतंय? कुणाचं आहे?

मग नवऱ्याचा फोन आला.

"अगं, घुबडी रडतेय आणि पुढे सरकतच नाहीये."

"दिसतंय मला."

"तुझंच नेटवर्क ना? जरा आपल्या पोरीला पुढे घे की."

"ती पुढेच होती. मीच मागे टाकलंय."

"का?"

"एक आजी विमानात अडकल्यात. संध्याकाळी सांगते."

"ताप असेल का गं?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. गेले दहा महिने तिला सगळं माहीत असायचं.

काका खुर्चीतून उठले. "तू जाऊन ये खाली. मी बसतो इथे."

"बदल मी केलाय काका. अजून तीन विमानं यायचीत. काही उलटसुलट झालं तर तुम्हाला कुठे शोधून सापडणार मी काय काय हलवलं ते?"

"मग मी जाऊन बघून येतो."

"तुमच्या गुडघ्यांनी? तुम्ही पोचेपर्यंत ती शाळेत जायला लागेल."

दोघंही थोडं हसले. काका पुन्हा बसले, पण खुर्ची त्यांनी तिच्या टेबलापाशी ओढली, आणि तिचा फोन उचलून आपल्याकडे तोंड करून ठेवला. "तू काम कर. काही हललं तर मी सांगतो."

पन्नास मिनिटं काही हललं नाही. तिने तीन विमानं लागताना सामानवाल्यांना परत त्यांच्या रांगेत आणलं, एका गाडीचा हरवलेला नंबर शोधला. हात काम करत होते, जीव टांगणीला लागला होता. मध्येच पैलवान बोलला, या वेळी आवाजात हसू होतं.

"आजी पोचल्या बाहेर. मुलगी मला आधी भरपूर बोलली आणि मग रडायला लागली. आजी मात्र मजेत. म्हणाल्या, माझी काही तक्रार नाही, मला खिडकी होती, गवतात पाखरं होती. हिलाच बाहेर बसून काही दिसत नव्हतं."



पाऊण वाजता वारा पडला. शेवटचं विमान लागल्याबरोबर ती उठली. काकांनी काही न विचारता तिच्या खुर्चीचा ताबा घेतला. लांबलचक मार्गिका, जिना, मागचं दार. धावायचं नाही असा तिथे नियम आहे, आणि तो तिने अशा पद्धतीने पाळला की दोन रखवालदार भिंतीला चिकटून उभे राहिले.

पाळणाघरात अंधूक उजेड होता. सतरंजीवर सात गाठोडी पसरली होती. सातवं घुबडीचं. एका पायात मोजा, एक पाय उघडा, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळेची बारीक रेघ. रांगवालीने गुडघे टेकले आणि कपाळाला हात लावला. गार होतं.

"उठवलीस तर बघ," मावशी कुजबुजल्या.

"किती वेळ रडत होती?"

"कोण रडत होतं?"

तिने फोन पुढे केला. मावशींनी लांब धरला, जवळ धरला, आणि मग तोंडावर पदर दाबून त्या गदागदा हलायला लागल्या.

"अगं, जांभई आहे ही."

"जांभई?"

"आपण देतो ती. औषधाने गुंगी आली, एक जांभई दिली आणि पडली. दहा महिने आई आहेस आणि पोरीची जांभई ओळखत नाहीस?"

"ती देतच नाही हो कधी."

"देते की. रोज देते, याच वेळेला. तेव्हा तू दुसऱ्या पडद्याकडे बघत असशील."

रांगवाली तिथेच सतरंजीच्या काठावर बसली. पालकांच्या गटात तिने लिहिलं: माझी आहे. जांभई होती.

दुपारी अहवाल लिहायला घेतला. निरोप का अडकले, त्याचं पहिलं वाक्य सहज उतरलं. पाळणाघरातल्या कॅमेऱ्याचा नंबर जुना असल्याने तो दुसऱ्या रांगेत राहून गेला होता. तिने पूर्णविराम दिला आणि थांबली.

काका मागून वाचत होते. "एवढं पुरे. कॅमेरा मी दिला, नंबर मी पुसायला हवा होता. घाल माझ्यावर. मला आता कोण काय करणार? खांबावर चढवणार?"

"तुम्हाला माहीत होतं का काका?"

"मला फक्त एवढं माहीत होतं की तुझं चित्र कधी अडकत नाही आणि तू कधी तक्रार करत नाहीस. तू, म्हणजे जी चहा कोमट आला तरी लेखी देते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, असू दे चार दिवस. पोर लहान आहे."

"अठरा दिवस झाले."

तिने दुसरं वाक्य लिहिलं. ही गोष्ट मला अठरा दिवसांपासून माहीत होती आणि मी ती बदलली नाही.

मॅडमनी अहवाल दोनदा वाचला. मॅडम म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख. कमी बोलत, म्हणून सगळे त्यांना घाबरत.

"तुझी यादी कोण तपासतं?"

"कोणी नाही. मीच करते आणि मीच बघते."

"उद्यापासून काका बघतील. प्रत्येक नंबर, दोघांच्या सह्या. ताकीद लेखी मिळेल, ती फाइलला राहील." त्यांनी अहवाल बाजूला ठेवला. "आणि भिंतीच्या भोकाची परवानगी माझ्याच टेबलावर आहे, पण वर आणखी दोन टेबलं आहेत. तार महिनाभर येत नाही. तोवर कॅमेरा सहावीत."

"हो मॅडम."

"मुलगी कशी आहे?"

"झोपली होती."

"मग बरी आहे," मॅडम म्हणाल्या आणि पुढचा कागद घेतला.

उद्याची वाट न बघता त्याच दुपारी काका आणि ती यादी घेऊन बसले. काका नंबर वाचत, ती खूण करत. खांब सहाच्या सहाव्या रांगेत, अनोळखी यंत्रांत, एक नंबर होता जो कुणालाच ओळखू येईना. काकांनी जुनी वही काढली, बोट फिरवत खाली आले आणि थांबले.

"पाळणाघराची धुराची घंटा."

रांगवालीने त्यांच्याकडे पाहिलं. तारा आल्या नाहीत म्हणून घंटाही तात्पुरती हवेतच जोडलेली होती, आणि ती कुणी कुठल्याच रांगेत घातली नव्हती. इतके दिवस घंटा जाहिरातींच्या मागे उभी होती. सकाळी वारा होता तेव्हाही. महिनाभर ती त्या खोलीकडे टक लावून बसली होती. पायाचा अंगठा तिला दिसला होता, ठोकळा दिसला होता, मोजा कुणाचा कुठे पडलाय तेही दिसलं होतं.

"सहाच्या जागी एक," ती म्हणाली.

"एक," काका म्हणाले, आणि दोघांनी सही केली. मग खाली जाऊन तिने मावशींकडून घंटा वाजवून घेतली. सात मुलं एकदम जागी झाली. मावशी जे काही बोलल्या ते अहवालात घालण्यासारखं नव्हतं, पण वर कार्यालयात दिवा लागला, एका सेकंदात.

दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा फुलदाणीला टेकलेला होता. आता घुबडी सलग दिसत नसे. इथे बसलेली दिसे, मग एकदम तिकडे. मधलं रांगणं गाळलेलं. सव्वाअकराला गर्दी वाढली तसं चित्र थिजलं.

"काय करतेय?" काकांनी यादीतून डोकं वर न काढता विचारलं.

"एक हात वर आहे."

"टाटा करत असेल."

"नाही तर मोजा भिरकावत असेल."

"विचार मावशींना."

"साडेअकरा होत आले, फोन कपाटात गेला असेल." रांगवालीने फोन जरासा सरळ केला, त्या वर उचललेल्या हाताकडे एकदा नीट पाहून घेतलं, आणि चौथ्या रांगेत आलेला पहिला निरोप पुढे गेला की नाही ते बघायला वळली. गेला होता.